पेन्सिलीतलं नाव

आमचे सर कुठलीही गोष्ट तीनदा विचारत. एकाच दिवशी नाही. तसं केलं की माणूस सावध होतो आणि पाठ केल्यासारखं तेच उत्तर देतो, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी विचारायचं, गुरुवारी विचारायचं आणि पुढच्या आठवड्यात समोरचा डबा खात असताना, तोंडात घास असताना विचारायचं. पहिली दोन उत्तरं ते पेन्सिलीनं लिहीत. तिसरंही तेच आलं तर त्यावर शाईचं पेन फिरवत. त्यासाठी त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. तिच्यात जिवाणू आणि माणसं एकाखाली एक नांदत.

मी कॉलेजात नवीन आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "घर कुठं?"

"बसस्टँडसमोर, फळाच्या दुकानाच्या वर," मी सांगितलं.

चार दिवसांनी परत तेच. मला वाटलं, विसरले असतील. पुढच्या आठवड्यात मी डब्यातली खिचडी खात होते तर हे समोर उभे. "घर कुठं म्हणलीस तुझं?" मी वैतागले. म्हटलं, "सर, घर हलवलं न्हाई आमी." मैत्रिणी फिसकन हसल्या. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी शाईचं पेन काढलं आणि माझा पत्ता पक्का केला.

मुलं त्यांना 'फेरतपासणी' म्हणत. कॉलेजातला जुना शिपाई सांगायचा, "वीस वर्सं झाली मला हितं, पर सरांच्या वहीत मी अजून पेन्सिलीतच हाय." त्याचं कारण असं, की गाव कोणतं असं विचारल्यावर त्यानं एकदा उमापूर सांगितलं होतं आणि एकदा तलवाडा. एक त्याचं स्वतःचं गाव होतं, दुसरं सासुरवाडी. माणूस सासुरवाडीला आपलं गाव का म्हणतो याचा सरांना जन्मभर उलगडा झाला नाही आणि शिपायाची नोंद तशीच कच्ची राहिली.

अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली प्रयोगशाळेतल्या फ्रीजची किल्ली. स्टाफरूममधला चहा ते स्वतःच्या पेल्यात घेत आणि पेला स्वतः विसळत. संध्याकाळी घरी जाताना फ्रीजच्या दारावर खडूची एक बारीक रेघ ओढत आणि सकाळी आल्यावर आधी ती वाकून बघत. रेघ पुसलेली दिसली की दिवसभर सगळ्यांच्या हातांकडे बघत फिरत. हे सगळं बघून कोणालाही वाटावं, या माणसाच्या फ्रीजमध्ये सोनं आहे. होते ते जिवाणू.

सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. तीनदाची सवय तिथूनच आलेली. जिवाणू एकटा डोळ्यांना दिसत नाही. तापवून निववलेल्या तारेच्या टोकावर नमुना घ्यायचा, काचेच्या बशीतल्या, म्हणजे प्लेटमधल्या, जेलीवर रेघा ओढायच्या. रेघ लांबत जाते तसे जिवाणू विरळ होतात, शेवटी एखादा एकटा पडतो आणि दोन दिवसांत त्याचा टिकलीएवढा ठिपका होतो. त्या ठिपक्यातून उचलून नव्या बशीवर पुन्हा रेघा. असं तीनदा केल्यावर म्हणायचं, की हा एकट्याचा वंश आहे, यात दुसरं कोणी मिसळलेलं नाही. सर म्हणायचे, "पयल्या प्लेटवर गर्दी दिसती. दुसरीवर चेहरा दिसतो. तिसरीवर माणूस." कोणी बाहेरून शुद्ध म्हणून पाठवलेली ट्यूब असली, तरी ते आधी तिच्या तीन प्लेटा करत. पाठवणारा कितीही मोठा असो. एकदा पुण्याच्या एका संस्थेतल्या बाईंनी फोनवर रागानं विचारलं, "आमच्यावर विश्वास नाही का?" सर शांतपणे म्हणाले, "न्हाई."

नावांवर तर त्यांचा विशेष डोळा. जिवाणूंची नावं सारखी बदलतात याचा त्यांना राग यायचा. "नाव बदलणाऱ्यानं कुठंतरी कायतरी केल्यालं असतं," म्हणायचे. दह्यातल्या जिवाणूंचं आमच्या पुस्तकात एकच मोठं खानदान होतं. संशोधकांनी त्यांची जनुकं वाचली आणि त्या एका घराची वीस-पंचवीस घरं केली. बातमी आली त्या दिवशी सर प्रयोगशाळेत येरझारा घालत होते. "दही तेच, ताक तेच, मग नाव कावून बदललं?" भिंतीवरचा तक्ता बदलायला त्यांनी साफ नकार दिला. मग सहा महिने मिळेल ते वाचून काढलं आणि एका सकाळी स्वतः स्टुलावर चढून जुन्या नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. खाली उतरून म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. दिसायला सारखे म्हणून एका घरात कोंबले होते. दिसण्यावर आपण लई फसतो." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं, परीक्षेत येईल म्हणून.

अलीकडे काहीजण जिवाणू न वाढवता, मातीतून नुसती जनुकं वाचून त्याला नाव देतात, हे कळल्यावर मात्र त्यांनी हात टेकले. "पाळण्यात घालायला लेकरू न्हाई आन् बारसं? सोनोग्राफी बघून बारसं करायचं का?" आमच्या जिल्ह्यात सोनोग्राफी या शब्दाला कोणी हसत नाही. सर मग घसा खाकरून पुढच्या धड्याला लागले.

आता माझ्याबद्दल थोडं. मी फळवाल्याची मुलगी, म्हणजे संशय माझ्याही रक्तात आहे. गिऱ्हाईक सीताफळ दाबून बघतं आणि आम्ही गिऱ्हाईकाचा अंगठा बघतो. अब्बा घरात दखनी बोलत, दुकानात मराठी. आणि माझं त्यांचं बोलणं जास्त दुकानातच व्हायचं. बालाघाटाच्या डोंगरातून सीताफळं आली की अब्बा ती दुकानामागच्या खोलीत वाळल्या गवताच्या अढीत घालत. फळं गवतात दाबून पिकवायची ही रीत सगळ्याच बागवानांची. पण आमच्या अढीत एक गोष्ट वेगळी होती. दरवर्षी जुनं गवत फेकताना अब्बा त्यातली एक मूठ गोणपाटात बांधून ठेवत आणि पुढच्या हंगामात नव्या गवतात ती कालवत, दुधाला विरजण लावावं तशी. आजोबाही तेच करत. आमच्या सीताफळाला काळा डाग क्वचित पडे. कोणी विचारलं की अब्बा आकाशाकडे बोट दाखवत.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी त्या मुठीतल्या चार काड्या चोरल्या. हो, चोरल्याच, अब्बांनी दिल्या नसत्या. प्लेटवर एक पांढुरका, कडेला सुरकुतलेला ठिपका वाढला. सरांनी बघितला आणि बाजूला सारला. "हा गवती जिवाणू. गवत उकळलं तरी मरत न्हाई तो. पयल्या वर्षाची पोरं वाढवतात." तरी सवयीनं त्यांनी तीन प्लेटा केल्याच. तिसऱ्या प्लेटवर ठिपक्याशेजारी त्यांनी फळ नासवणारी बुरशी लावली होती. ती ठिपक्याच्या दोन बोटं अलीकडेच थांबली. सरांनी ती प्लेट उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "दिसायला त्यो हाय. पर त्यो न्हाई."

जनुकं पुण्याला वाचून घेतली. ओळखीच्या कुठल्याच जिवाणूशी ती पुरती जुळत नव्हती. जगात ज्याला अजून नाव नाही असा एक जीव आमच्या दुकानामागच्या गवतात निघाला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही. सरांनी वहीत पेन्सिलीनं लिहिलं, 'मूठ', आणि नावाचा रकाना मोकळा सोडला.

नाव ठेवायचं तर जिवाणू कुठला हे पक्कं हवं. म्हणून सर आमच्या दुकानात आले. त्याआधी मला अब्बांना सगळं सांगावं लागलं होतं, आणि काड्यांच्या चोरीवरून त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. सरांनी एक डझन केळी घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गवत कुठलं वापरता, भाई?"

"उमापूरचं," अब्बा म्हणाले.

गुरुवारी सर परत आले. पुन्हा केळी. "गवत कुठलं म्हणला?"

"तलवाड्याचं," अब्बा म्हणाले.

सर गेल्यावर मी चिडले, तर अब्बा म्हणाले, "माल कुठून येतो हे आपण कुनाला सांगत न्हाई. आन् एकच गोष्ट दोनदा विचारनारा मानूस येक तर पोलीस असतो न्हाईतर येपारी. तुझा मास्तर कोन हाय?" तिसऱ्या वेळी अब्बा नमाजाहून येऊन भाकरी खायला बसले होते. सर दारात उभे. तोंडात घास असल्यानं अब्बांच्या तोंडून खरं निघालं, "उमापूरचं." सरांनी वही काढली. दोन उमापूर, एक तलवाडा. ते बघून ते इतके कष्टी झाले, की अब्बांना दया आली आणि त्यांनी सरांना थेट उमापूरच्या त्या गवताच्या बांधावर नेलं. एकाच मोटरसायकलवर गेले दोघं. परत आल्यावर दोघांनीही मला खासगीत सांगितलं, की दुसरा माणूस जरा संशयी आहे.

नाव ठरलं, उमापूरवरून. लॅटिन शेपूट लावून. पण जिवाणूच्या नावाला एक अट असते. नुसतं लेखात छापून ते पक्कं होत नाही. जिवंत जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवायला द्यावा लागतो. जगातल्या कोणाही अभ्यासकाला तपासायचा असेल तर तिथून मागता यावा म्हणून. मी हे अब्बांना सांगितलं. ते फळं रचत होते. हात थांबवून म्हणाले, "म्हंजी नाव आपलं लागनार आन् मूठ दुनियेच्या हातात?" त्याच महिन्यात फळं पिकवायची पावडर विकणारा एक एजंट दुकानात येऊन आमच्या अढीबद्दल खोदून खोदून विचारून गेला होता. "तुज्या मास्तरला फोन कुनाचे येतात, बघत जा," अब्बा म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. मग मला एकेक दिसायला लागलं. सरांनी माझ्या ट्यूबांवरची माझ्या नावाची चिठ्ठी काढून नुसता आकडा लावला होता. ट्यूबा गळ्यातल्या किल्लीच्या कुलपात गेल्या होत्या. एकदा ते जिन्यात फोनवर दबक्या आवाजात म्हणताना मी ऐकलं, "मूठ माझ्याकडंच हाय. कुलपात. कुनाला बोललो न्हाई अजून." संग्रहाच्या अर्जावर देणाऱ्याच्या जागी फक्त सरांचं नाव होतं.

तेव्हा मी सरांचीच युक्ती सरांवर वापरली. सोमवारी विचारलं, "सर, लेखावर माझं नाव असंल ना?" म्हणाले, "बघू." गुरुवारी विचारलं. म्हणाले, "नाव जिवाणूचं म्हत्त्वाचं. तुझं न्हाई, माझं न्हाई." पुढच्या आठवड्यात ते डबा खात होते, तोंडात भाकरीचा घास होता. मी विचारलं. त्यांनी घास गिळला, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत.

तीनदा विचारलं, तीन उत्तरं तीन तऱ्हेची. त्यांनीच शिकवलं होतं, अशा प्लेटमध्ये भेसळ असते.

ट्यूबा पाठवायची वेळ आली तेव्हा सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हिरवी पट्टी डोळ्यावर. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "दोन ताज्या ट्यूबा भर. एक हितली, एक परदेशी." ती किल्ली मी त्याआधी कधी कोणाच्या हातात बघितली नव्हती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा दुसऱ्याच हिशेबात होते.

मी दोन्ही ट्यूबांत पहिल्या वर्षाच्या मुलांचा गवती जिवाणू भरला. तोच, उकळलं तरी न मरणारा. दिसायला तसाच पांढुरका, तसाच सुरकुतलेला. खरी मूठ असलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून घरी आणल्या आणि दुकानातल्या थंड पेयांच्या फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला लपवल्या. जुन्या ट्यूबांचं काय झालं असं सरांनी विचारलं तर वाळल्या म्हणून टाकल्या, असं सांगायचं ठरवलं. मला वाटलं होतं, फार तर आठ दिवस. सर नव्या ट्यूबांच्या तीन प्लेटा करणार, त्यांच्या लक्षात येणार, ते मला विचारणार. मग मी म्हणणार, आधी माझं नाव लिहून दाखवा, मग देते.

सरांनी ट्यूबा हातात घेतल्या. एका डोळ्यानं उजेडात धरल्या. चिठ्ठीवरचं अक्षर वाचलं. "तुझंच अक्षर ना?"

"हो सर."

त्यांनी त्या तशाच पेटीत ठेवल्या. प्लेट केली नाही. एकही नाही. पेटीला चिकटपट्टी लावली आणि शिपायाला हाक मारली.

तेव्हा बोलले असते तर सगळं निभावलं असतं. पण मला उलट वाटलं, यातही काहीतरी डाव आहे.

परवानगीच्या कागदांत आणि टपालात कित्येक महिने गेले. संग्रहांनी ट्यूबा उघडल्या, जनुकं तपासली आणि उत्तर आलं. आपण कळवलेल्या वर्णनाशी नमुना जुळत नाही, हा सर्वत्र आढळणारा गवती जिवाणू आहे. पत्र आधी प्राचार्यांच्या हातात पडलं. त्यांनी सरांना बोलावलं, मलाही. टेबलावर लेखाची फाइल आपटली. ती उघडी पडली आणि मी पहिलं पान बघितलं. सगळ्यात वर माझं नाव होतं. त्याखाली सरांचं. शेवटी आभारात अब्बांचं, दुकानाच्या पत्त्यासकट.

"पोरीचं नाव पुढं घालून तुम्ही मागं लपलात होय?" प्राचार्य म्हणाले. "जनुकांचे आकडे तरी खरे आहेत का, का तेही तुमच्या वहीतले?"

सरांनी खिशातून पेन काढलं, शाईचं. माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हिचा काय संबंध न्हाई. सरमिसळ माझ्या हातून झाली. डोळ्याला दिसत नव्हतं." पान प्राचार्यांकडे सरकवलं. ते माझं नाव गाळतील म्हणून मी वर्षभर धास्तावले होते. त्यांनी ते गाळलं, माझ्यासमोर, आणि ते कशासाठी हे मला त्याच क्षणी कळलं. तरीही मी तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

मी धावत दुकानात आले. फ्रीज बिघडून उन्हाळ्यात दोनदा बंद पडला होता, आत पाणी साचलं होतं, ट्यूबांचे कापसाचे बोळे भिजून हिरव्या बुरशीनं भरले होते. एकही कामाची राहिली नव्हती. अब्बांच्या मुठीतून पुन्हा जिवाणू काढता आला असता. पण मग कुठून आणला, आधीचा कुठं गेला, हे सांगावं लागलं असतं.

त्यानंतर चार दिवसांनी सरांनी मला विचारलं, "ट्यूबा त्याच वाणाच्या भरल्या होत्या ना?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं. कॉलेजात तोवर सगळीकडे झालं होतं, की फेरतपासणीनं आकडे बनवले. ज्या माणसानं आयुष्यभर कोणावर विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर आता कोणाचाच नव्हता. मुलं त्यांच्यासमोर त्यांना एकच प्रश्न तीनदा विचारून हसायची. त्यांच्या निवृत्तीच्या निरोपाच्या आदल्या दिवशी, कपाट आवरताना, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदा हो म्हटलं.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. मी निरोपाच्या दिवशी डबा उघडून मुद्दाम त्यांच्या वाटेवर बसले होते. ते आले, माझ्या डब्याकडे बघितलं, आणि निघून गेले.

आता मी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. दुधात पाणी, दुधात युरिया, असल्या संशयावर माझं पोट चालतं. दूध घालणारे मला मागं काय म्हणतात ते मला माहीत आहे. कानावर पेन्सिल ठेवायची सवय मला कधी लागली ते कळलं नाही. फळं आता गॅसच्या खोलीतून पिकून येतात, दुकानाची अढी बंद झाली. गेल्या वर्षी सीताफळाच्या दिवसांत मी अब्बांना भीतभीत विचारलं, "मूठ हाय का अजून?" त्यांनी माळ्यावरून गोणपाट काढून दिलं. "घरापुरती अढी घालतो की. घे. आता कोन इचारतंय तिला." ज्या मुठीपायी मी एवढं केलं, ती त्यांनी मला अशी सहज दिली.

डेअरीच्या प्रयोगशाळेत सुट्ट्यांच्या दिवशी मी रेघा ओढल्या. तीन प्लेटा. शेजारी बुरशी लावली. ती दोन बोटं अलीकडे थांबली. मग ट्यूब भरली, चिठ्ठीवर माझ्या अक्षरात 'मूठ' लिहिलं आणि रविवारी सकाळी लिंबागणेशला सरांच्या गावी गेले.

पत्र्याच्या एका खोलीत त्यांनी आपली प्रयोगशाळा मांडली होती. घरचा प्रेशर कुकर, जुन्या दुकानातली काचेची पेटी, स्पिरिटचा दिवा. गावातल्या विहिरींचं पाणी तपासत होते. वाळले होते, पण नजर तीच. मला बघून म्हणाले, "ये," आणि पाणी दिलं, माझ्यासाठी वेगळा पेला काढून.

मी बसलेच नाही. म्हटलं, "सर, तुमी तिसऱ्यांदा विचारलं न्हाई. मीच सांगते. ट्यूबा त्या वाणाच्या नव्हत्या. मी बदलल्या."

बाहेर कोणीतरी कडबा कापत होतं, त्या यंत्राचा आवाज येत राहिला. सर म्हणाले, "कावून?"

"तुमाला तीनदा विचारलं होतं. माझं नाव असंल का म्हणून. तिन्ही उत्तरं येगळी आली."

त्यांनी मान हलवली. विचार केला. "मग तुझी पद्धत बरोबर होती," म्हणाले. "माझंच चुकलं. पक्कं झाल्याशिवाय मी नाव कुठंच सांगत न्हाई, चिठ्ठीवर न्हाई, फोनवर न्हाई. तुला सांगायला पायजे होतं."

मला रडू फुटलं. हुंदका आवरत विचारलं, "तुमाला कळलं होतं ना सर? मग तिसऱ्यांदा कावून न्हाई विचारलं?"

"विचारलं असतं तर शाईनं लिहावं लागलं असतं," ते म्हणाले.

मी पिशवीतून ट्यूब काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, चिठ्ठीवरचं अक्षर वाचलं. या वेळी तुझंच ना असं विचारलं नाही. त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, तार लाल होईपर्यंत धरली, निववली, आणि माझ्या ट्यूबमधून नमुना घेऊन प्लेटवर सावकाश पहिली रेघ ओढली. मग लाल वही काढून पेन्सिलीनं नोंद केली. तेच बरोबर होतं. तरी मला ते बघवलं नाही, मी दाराकडे वळले.

"गुरुवारी ये," ते म्हणाले. "दुसरी काढू."

मी उंबरा ओलांडला तेवढ्यात मागून हाक आली. सरांना विसरायला झालेलं नव्हतं. माझ्या पहिल्या प्रॅक्टिकलचे मार्कसुद्धा त्यांना पाठ होते. वहीचं एक कोरं पान उघडून ते माझ्याकडे बघत होते.

"घर कुठं म्हणलीस तुझं?"

"बसस्टँडसमोर," मी म्हटलं, "फळाच्या दुकानाच्या वर."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली.